पानांवरची पांढरी धूळ

सोमवार, ता. ३

सूनबाई आज सकाळी गेली. एकवीस दिवसांसाठी. जाताना सोळा कुंड्या आणि एक वही माझ्या गळ्यात घालून गेली. वहीत रोज लिहायचं: पाणी किती, पानं किती, उंची किती. "बाबा, फक्त आकडे हं. निबंध नको," म्हणाली. माझी खोड तिला ठाऊक आहे. म्हणून निबंधासाठी ही दुसरी वही. दुकानातल्या जुन्या ऑर्डरबुकाची मागची पानं कोरी होती, ती उपयोगी आली.

ती झाडांची अभ्यासक आहे. साधी झाडं नव्हेत, खाऱ्या पाण्यावर जगणारी. तिच्या प्रयोगशाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, तेव्हापासून ही सोळा झुडपं आमच्या बाल्कनीत मुक्कामाला आहेत. तीन वर्षं निवडून निवडून ठेवलेल्या बियांची ही रोपं. दुसरी बी शिल्लक नाही. दुसऱ्या कुठल्याही झाडाला घातलं तर ते चार दिवसांत मान टाकेल असं पाणी ही पितात आणि वर टवटवीत राहतात. कसं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, "तेच तर शोधतेय, बाबा."

गेली आहे ती दूर, खाऱ्या जमिनीवरच्या एका केंद्रात. तिथे तिला नोकरी देऊ करताहेत, राहायला खोलीसुद्धा. "नुसतं बघून येते," म्हणाली. नुसतं बघून येणं म्हणजे काय हे न कळायला मी काल जन्मलो नाही. माझा मुलगा जाऊन चौदा महिने झाले. चौतिसाव्या वर्षी, भर दुपारी, ऑफिसच्या जिन्यात हृदय बंद पडून गेला. आता तिला या घरात बांधून ठेवणारं काय आहे? एक म्हातारा सासरा आणि सोळा कुंड्या. सासऱ्याचा काही भरवसा नाही, पण कुंड्यांसाठी तरी तिला परत यावंच लागेल. तेव्हा त्यांना मी जिवापाड जपणार आहे. स्वार्थ म्हणा हवं तर.

मंगळवार, ता. ४

पहिलं पाणी घातलं. तिने मिठाच्या पुड्या वजन करून ठेवल्यात. एका कॅनला एक पुडी, एक दिवसाआड. चव घेऊन बघितली. थू! जीभ चरचरली. हे पिऊन कुणी हिरवं राहत असेल तर त्याला माझा नमस्कार.

भिंतीवर तिने कागद चिकटवलाय. "पाणी मुळाशीच घालावे. पानांवर थेंबही पडू देऊ नये." बरोबर आहे. पण पानांवर धूळ किती! समोर इमारत पाडताहेत, त्याचा सगळा चुरा आमच्याकडे. पानं पिठात लोळवल्यासारखी पांढुरकी दिसतात. तिला बिचारीला वेळ कुठे मिळतो.

बुधवार, ता. ५

माझे हात काल रात्रीपासून शिवशिवत होते. बेचाळीस वर्षं मी चष्मे करतोय. मळकी काच दिसली की पुसल्याशिवाय मला राहवत नाही. पान म्हणजे तरी काय, झाडाची काचच की. उजेड तिथूनच आत जाणार.

पाणी लावायचं नाही, तर नाही लावलं. काचा पुसायचं नवं फडकं घेतलं, मऊसूत, कोरडं. एकेक पान तळहातावर घेऊन अलगद पुसलं. दोन तास गेले, मान आखडली, पण काय रूप आलं म्हणता! खालून गडद हिरवा रंग निघाला. पंधरा कुंड्या झाल्या. सोळावी पन्हळीच्या पाइपामागे आहे. तिथे माझा हात कसाबसा पोचतो, पाणी नळीने घालतो. ती तशीच राहिली. असो, एखादं ध्यान प्रत्येक घरात असतंच.

गुरुवार, ता. ६

रात्रीतून पुन्हा थोडी पांढरी झाली होती. पुन्हा पुसली. आता हे रोजचंच. तिच्या वहीत मात्र लिहिलं नाही. ती फक्त आकडे म्हणाली होती, आणि आल्यावर चकित करायचंय तिला.

चकित करण्यावरून आठवलं. मागच्या महिन्यात तिच्या टेबलावर मुलाचा चष्मा दिसला, रुमालात गुंडाळलेला. काचा पार डागाळलेल्या. मी दुकानात नेला, साबणाच्या पाण्यात घातला, नाकाजवळच्या गाद्या बदलल्या, स्क्रू आवळले. नवा कोरा करून परत ठेवला. तिने उघडला, काचा उजेडात धरून बघितल्या. मग "बरं केलंत, बाबा," म्हणाली आणि खोलीत गेली. त्या रात्री जेवली नाही. डोकं दुखत होतं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तिच्या कपाटाला कुलूप. हल्ली चोऱ्या फार होतात हे खरं आहे.

रविवार, ता. ९

तिचा फोन. तिथे रेंज नाही, रविवारी गावात आली की करते.

"कुंड्या?"

"एकदम मजेत. आल्यावर बघशीलच."

"आणि तुम्ही? गोळ्या घेता ना?"

"घेतो गं. तुझं तिथे कसं आहे?"

"शांत आहे, बाबा. खूप. कुणी काही विचारत नाही."

मी म्हटलं, इथे तरी कोण विचारतं तुला? ती हसली नुसती. आता जेवलीस का, दिवा का चालू आहे, डोळे का लाल आहेत, एवढं तर माणूस विचारणारच. त्याला का विचारणं म्हणतात?

मंगळवार, ता. ११

पहिल्या, चौथ्या आणि नवव्या कुंडीत पानांच्या कडा पिवळ्या. कॅन तपासला, पुडी तपासली. सगळं सांगितल्याप्रमाणे. मग धुळीचाच त्रास असणार. आजपासून दोनदा पुसायचं, सकाळ-संध्याकाळ.

गुरुवार, ता. १३

तीनाच्या सात झाल्या. पिवळ्याचं तपकिरी झालं, पानं गळायला लागली. मी पाच वाजता उठून पुसतोय आणि झाडं माझ्या डोळ्यांदेखत वाळताहेत. देवा, माझ्या हातून नको रे काही. ही मेली तर ती येईल, बघेल, आणि बॅग न उघडताच परत जाईल. तिला अडवायला माझ्याकडे तोंड कुठे असेल?

गंमत म्हणजे पाइपामागचं ध्यान मजेत आहे. ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही ते सगळ्यात गुबगुबीत.

शुक्रवार, ता. १४

आज दुकानात नाक कापलं गेलं. कोपऱ्यावरचा गवंडी परवा नवा चष्मा घेऊन गेला होता. आज दारातूनच ओरडत आला. "काका, तुमची दृष्टी गेली की माझी? सगळं धुक्यात दिसतंय!"

काच भिंगाखाली धरली. बारीक बारीक ओरखडे, गोल गोल. बेचाळीस वर्षांत माझ्या फडक्याने काचेवर ओरखडा उमटला नव्हता. फडकं बघितलं तर कडक झालेलं. परवापासून घाईघाईत बाल्कनीतलं फडकंच खिशात घालून येत होतो. भिंगाखाली धाग्याधाग्यात कण चमकत होते, बारीक, चौकोनी, कापल्यासारख्या कडांचे. धूळ अशी नसते. धूळ मी आयुष्यभर बघितली आहे.

गवंड्याने माझ्या खांद्यावरून बघितलं. "हा तर लोणा. ओल्या भिंतीला सुटतो ना पांढरा, तो. भिंत आतलं मीठ बाहेर टाकते. कितीही झाडा, आत ओल आहे तोवर येतच राहणार. चाटून बघा."

"चाटू? फडकं?"

"मग काय भिंत आणून देऊ?"

चाटलं. खारट! त्याला फुकट नवी काच बसवून द्यायचं कबूल केलं आणि दुकान चारलाच बंद करून घरी पळालो.

शनिवार, ता. १५

काल रात्री धीर झाला नाही. आज सकाळी भरपूर उजेडात बाल्कनीत मांडी घालून बसलो, डोळ्याला भिंग लावलं आणि आधी त्या ध्यानाचं कोवळं पान बघितलं.

काय सांगू! पानावर धूळ नव्हतीच. लहान लहान फुगे होते. शेकडो. काचेच्या मण्यांसारखे गोल, पारदर्शक, एकाला एक खेटून, बारीक देठावर उभे. इतके सुबक गोल मला जन्मभर घासून जमले नसते. खालच्या जुन्या पानांवर ते वाळून चपटे झालेले, त्यांचीच ती पांढरी भुकटी. एक फुगा टाचणीने फोडला आणि बोट जिभेला लावलं. खारट, चांगलंच खारट.

म्हणजे झाड पाण्याबरोबर मीठ पितं, पण पोटात ठेवत नाही. ते पानापर्यंत आणतं आणि बाहेरच्या अंगाला या फुग्यांत कोंडून ठेवतं. आतलं पान आपलं काम करायला मोकळं! अर्धा तास मी हे नुसतं बघत होतो. कुणीतरी हे बसून ठरवलं असेल असं वाटावं इतकं शहाणपणाचं काम.

मग पहिल्या कुंडीचं पान घेतलं. टक्कल. देठांचे खुंट तेवढे उरलेले. फुगे मी फोडले, रोज, दोनदा, प्रेमाने. आणि वरून मिठाचं पाणी चालूच.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक म्हणतात. मी तर जे करायला नको होतं तेच इतकं मन लावून केलं.

रविवार, ता. १६

फोन आला. "कशी आहेत?" मी म्हटलं, "आहेत." खोटं नाही, नऊ अजून हिरवी आहेत. पण खरंही नाही. माझा आवाज ऐकून ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?" मी मूग गिळून बसलो. तिने सांगितलं की तिथली खोली छान आहे, खिडकीतून लांबवर पांढरी जमीन दिसते. नोकरीचं पत्र हातात दिलंय, महिनाअखेर कळवायचं आहे. मी म्हटलं, "छान."

मंगळवार, ता. १८

गोडं पाणी घालावं का? दिवसभर हाच किडा डोक्यात. साधं पाणी घातलं तर कदाचित वाचतील. पण तिच्या कागदावर लिहिलंय, "पाणी बदलू नये." आधीच एकदा स्वतःची अक्कल चालवून बसलोय. नाही बदललं. फडकं मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर फेकलंय, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी.

रोज सकाळी भिंग लावून बघायचं एवढंच आता हातात आहे. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याची गोडी लागली आहे. टक्कल पडलेल्या पानावर फुगे परत येतात का ते बघतोय. चार दिवस झाले, एकही आला नाही. जे गेलं ते गेलं. पण शेंड्यावर जे नवं पान येतंय, नखाएवढं, ते मात्र येतानाच फुगे घेऊन आलंय. आठव्या, अकराव्या आणि दुसऱ्या कुंडीत. मी बाल्कनीत एकटाच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून ओरडलो.

शुक्रवार, ता. २१

सहा गेली. पार वाळली. नऊ धुगधुगी धरून आहेत. ध्यानाला कळ्यांसारखं काहीतरी येतंय.

बारीक चिमटा हवा म्हणून दुकानातला सगळ्यात खालचा खण उघडला. तो मी सहसा उघडत नाही. तिथे एक पाकीट आहे. वर माझंच अक्षर: "डावी दांडी सैल." मुलाचा जुना, दुसरा चष्मा. जायच्या आठ दिवस आधी तो दुकानात येऊन टाकून गेला होता. "बाबा, वेळ होईल तेव्हा करा. गिऱ्हाइकांचं आधी." एक स्क्रू आवळायचा, दोन मिनिटांचं काम. चौदा महिन्यांत मला वेळ झालेला नाही.

पाकीट हातात घेऊन बसलो होतो. माझ्यासारख्या माणसाने, ज्याला मळकी काच बघवत नाही, त्याने हे उघडून पुसलं का नाही? आणि मग दुसरा प्रश्न आला, तो काही जायला तयार नाही. तिने तरी तो टेबलावरचा चष्मा का पुसला नव्हता? ती काही गबाळी नाही. तिची भांडी आरशासारखी असतात.

दुकान बंद केलं आणि शटरमागे अंधारात बसून राहिलो. मी काय केलं हे मला आज कळलं.

सोमवार, ता. २४

आली. दुपारी दीडला. उन्हाने काळी पडली आहे. पाणीसुद्धा न पिता बाल्कनीत गेली. मी सकाळपासून वाक्यं पाठ करत होतो. एकही आठवलं नाही. तिच्या मागे उभा राहून एका दमात सगळं ओकलो. धूळ, फडकं, दोनदा, गवंडी, लोणा, फुगे.

ती वळली. "पुसलीत? पानं?"

"कोरड्या फडक्याने. पाणी लावू नका म्हणाली होतीस ना."

तिने पहिल्या कुंडीचं वाळलेलं पान बोटांत धरून बघितलं. आणि मग हसायला लागली. इतकी, की भिंतीला टेकून खालीच बसली. "बाबा, आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो. मुद्दाम. ब्रशने. फुगे काढून टाकले तर झाड किती तग धरतं ते बघायला."

"म्हणजे माझा शोध?"

"पुस्तकात आहे. माझ्या जन्माआधीपासून."

गेली माझी कीर्ती. मग डोळे पुसत तिने विचारलं, "एकही न पुसलेलं राहिलं नाही का हो?"

मी पाइपामागचं ध्यान ओढून तिच्यासमोर ठेवलं. तिने पान बोटावर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, आणि तिचं हसणं थांबलं. मग ती रडली. चौदा महिन्यांत माझ्यासमोर पहिल्यांदा. सहा मेली त्यांना हसली आणि जगलं त्याच्यापाशी बसून हमसून हमसून रडली. मी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच. जमिनीवर तिच्याशेजारी बसलो, गुडघे कुरकुरले तरी.

तिचं रडणं ओसरल्यावर म्हटलं, "तो चष्मा मी पुसायला नको होता."

तिने वर बघितलं नाही. "डाव्या काचेवर त्याचा अंगठा उमटलेला होता," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळणार?"

"मला कळायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे."

मंगळवार, ता. २५

सकाळी चहा घेताना मीच विषय काढला. मूग किती दिवस गिळायचे? म्हटलं, "हे बघ, जायचं तर जा. नोकरी चांगली आहे, खोली चांगली आहे. पण तू गेलीस तर मला घर खायला उठेल, हे आधी ऐकून घे. मग काय ठरवायचं ते ठरव."

तिने कप खाली ठेवला. "त्या एकाला बी धरायला तीनेक महिने लागतील. मग पेरायचं. तोवर नाही म्हणून कळवते."

"आणि पेरणार कुठे?"

"इथेच. एवढं स्वच्छ तिकडे कोण ठेवणार?"

हा टोमणा मी आयुष्यभर ऐकणार. ऐकेन. वर म्हणाली, "पण बाबा, मी दार लावून बसले तर बसू द्यायचं." मी म्हटलं, "बरं." जड गेलं, पण म्हटलं.

संध्याकाळी दुकानातून येताना ते पाकीट आणलं. तिच्या हातात दिलं. तिने वरचं अक्षर वाचलं, माझ्याकडे बघितलं. "उघडलं नाहीत?"

"वेळ झाला नाही."

तिने चष्मा काढून खिडकीतल्या उजेडात धरला. दोन्ही काचा बोटांच्या ठशांनी भरलेल्या. उजव्या काचेच्या खालच्या कडेला घाम वाळून पांढरी रेघ उमटली होती, मिठाची. मी दोन हात लांबूनही ती ओळखली. माझा हात आपोआप खिशाकडे गेला, आणि मग मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.

तिने अगदी हलक्या हाताने चष्मा उघडला. डावी दांडी लटकली.

"सैल आहे, बाबा."

"असू दे," मी म्हटलं.